पावसाळी सालची बाटली

आमच्या लिबूर्नमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या या वाइनच्या गावात, मूल जन्माला आलं की लोक आधी साल बघतात आणि मग नाक-डोळे. मुलगा की मुलगी हे त्यानंतर, वजन तर त्याच्याही नंतर. माझी ब्लांदीन झाली ती ऐन द्राक्षतोडणीच्या दिवसांत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं ते लालबुंद गाठोडं माझ्या हातात दिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि मोठा सुस्कारा टाकून त्या म्हणाल्या, "अरेरे, बिचारी!"

मी घाईघाईने दुपटं उलगडायला लागलो. "काय झालं? काय कमी आहे तिच्यात? बोटं नीट मोजलीत ना?"

"तिच्यात काही कमी नाही हो," बाई म्हणाल्या, "पण पाऊस बघा ना मेला! तोडणी सुरू झाल्यापासून थांबायचं नाव नाही. द्राक्षं फुगून फुटायला लागलीत. हे साल गेलं हातचं. आणि नेमकी आताच आली बिचारी!"

मी भूगोलाचा मास्तर. पाऊस कसा पडतो हे आयुष्यभर फळ्यावर बाण काढून काढून मुलांना शिकवत आलो. पण पावसाचा असा वैयक्तिक राग मला त्या दिवशी पहिल्यांदाच आला.

आमच्याकडची रीत अशी की मुलाच्या जन्मसालची लाल वाइन बापाने घेऊन तळघरात आडवी घालून ठेवायची आणि त्याच्या लग्नाच्या वेळी उघडायची. वर मूल वाढतं, खाली वाइन वाढते. लहानपणी दोघंही नुसती चुळबुळी असतात. मधली काही वर्षं दोघंही तोंड फुगवून बसतात, कुणाशी धड बोलत नाहीत. आणि शेवटी एक दिवस दोघंही माणसांत येतात, असा समज आहे. तर त्या रीतीप्रमाणे मी वाइनच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, माझं ऐका, या सालची नका घेऊ. जरा दम धरा. पुढच्या साली दुसरं मूल होऊ द्या आणि त्याच्या नावाने घ्या."

आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर कुठला बाप हात हलवत घरी जाईल? मी सहा बाटल्यांची लाकडी पेटी खांद्यावर घेतली आणि भर पावसातून घरी आणली. शातोचं, म्हणजे ती बनवणाऱ्या मळ्याचं, नाव सांगत नाही. सांगितलं की तुमचा पुढचा प्रश्न सालाचाच असणार, आणि त्यानंतर तुम्हीही तोच सुस्कारा टाकणार. ती वाइन एक दिवस अशी पिकेल की अख्ख्या लिबूर्नला आपले शब्द गिळावे लागतील, असा मी मनाशी निश्चय केला. निश्चय माझा होता, पिकायचं वाइनने होतं, एवढीच त्यात अडचण होती.

खरी अडचण पुढेच आहे. आंबा पिकला का हे नाकाला लावून कळतं, फणस पिकला का हे थापटून कळतं म्हणतात. वाइन पिकली का हे कळायला मात्र ती उघडावी लागते. उघडली की ती संपली. म्हणजे जी बाटली तयार आहे याची तुम्हाला खात्री झाली, ती बाटली आता तुमच्याकडे नाही! या एका गोष्टीवर आमच्या भागातले अर्धे संसार वर्षानुवर्षं भांडतायत.

माझ्या पेटीला पहिली कात्री लावली ती मस्यू द्युबेर्ने यांनी. हे आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेत. कुणाच्या घराला आग लागेल आणि कुणाच्या नाही याचे अंदाज बांधण्यात आयुष्य गेल्यामुळे भविष्य सांगायची खोड जिभेला चिकटलेली. ब्लांदीनच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणाला ते म्हणाले, "मास्तर, एक उघडून बघायला हवी. नुसतं ठेवून कसं कळणार? पोराला ताप आहे का हे बघायला कपाळाला हात लावतोच ना आपण?"

मला ते पटलं. बाटली उघडली. द्युबेर्नेंनी पेला तिरका केला, गोल फिरवला, नाक आत खुपसलं, डोळे मिटले. सगळं टेबल श्वास रोखून बसलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बंद आहे."

"म्हणजे?"

"बंद. दार लावून बसलीय. काही बोलायला तयार नाही. दहा वर्षं हात लावू नका." एवढं बोलून त्यांनी त्या बंद बाटलीतले तीन पेले पोटात घातले. मग सगळ्यांनी पांढरा फ्रॉक घातलेल्या ब्लांदीनकडे पाहिलं. माझी एक आत्या तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "असू दे गं बाळ, पावसाळी साल आहे, त्यात तुझा काय दोष!"

दुसरी बाटली ब्लांदीन शाळेची शेवटची परीक्षा पास झाली तेव्हा गेली. या खेपेला दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर वेर्दिये आले होते. डॉक्टर वाइन तोंडात घेऊन इकडून तिकडे खळखळवतात. समोरच्याला वाटतं आता पिंकदाणी द्यावी की काय. ते म्हणाले, "हिरड्या धरतेय. कोवळा तुरटपणा आहे. अक्कलदाढसुद्धा आलेली नाही हिला."

"काय बोलता डॉक्टर!" द्युबेर्ने उसळले. "कोवळी? अहो, कडेचा रंग बघा, विटकरी व्हायला लागलाय. ही म्हातारी झाली. तरुणपण न बघताच म्हातारी झाली!"

आता एकाच बाटलीत एकाच वेळी कोवळी आणि म्हातारी अशा दोन वाइनी असू शकत नाहीत हे भूगोलाच्या मास्तरालाही समजतं. तेव्हा निकाल लावण्यासाठी तिसरी उघडली. तिने दोघांचंही म्हणणं खरं ठरवलं, असं दोघंही म्हणाले. मग तटस्थ माणूस म्हणून तालमीतल्या मास्तरांना, म्हणजे आमच्या शाळेच्या कसरतीच्या शिक्षकांना बोलावून चौथी उघडली. त्यांनी एका घोटात पेला रिकामा केला आणि "चांगली आहे की! बर्फ मिळेल का?" असं विचारलं. त्यानंतर त्यांना आमच्या इमारतीत कुणी बोलावलेलं नाही.

पाचवी बाटली सोसायटीने खाल्ली. झालं असं की इमारतीला नवा बॉयलर बसणार होता आणि त्याचा गरम पाण्याचा पाइप तळघरातून थेट माझ्या कोनाड्याला खेटून जाणार होता. वाइनला ऊब म्हणजे विष. तिला बारा महिने एकसारखा गारवा लागतो, अंधार लागतो, शांतता लागते. राजघराण्यातल्या आजारी माणसाचे सगळे लाड लागतात. मी सोसायटीच्या सभेत उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात हरकत घेतली. आमच्या अध्यक्षा मादाम कास्तँ चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, पाइपामुळे तुमची वाइन मरेल असं तुमचं म्हणणं आहे. पण मरायला आधी जिवंत असावं लागतं. त्या सालची वाइन जिवंत आहे याला पुरावा काय?"

"पुरावा? मादाम, मी तिचा मालक सांगतोय!"

"मालकाची साक्ष धरत नाहीत. सभेपुढे उघडा."

वीस-बावीस सभासद होते. प्रत्येकाला टोपणभर वाट्याला आली. मतदान झालं. निम्मे म्हणाले जिवंत, निम्मे म्हणाले मेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी आपण कशावर मत दिलं हे विचारून घोळ घातला. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा होईपर्यंत पाइप बसून गरमही झाला होता.

उरली एक. ती मी पोटाशी धरून जिना चढून वर आणली. घरातली सगळ्यात गार खोली ब्लांदीनची, उत्तरेकडची. ती नोकरीला पेरिग्यूच्या इस्पितळात गेल्यापासून रिकामीच होती. तिच्या कपाटात, जुन्या स्वेटरांच्या घडीत मी बाटली आडवी घातली आणि त्या दिवसापासून घरात आणीबाणी लागू झाली. हीटर बंद. दारं आपटायची नाहीत. कपडे धुवायचं यंत्र लावायचं नाही, कारण त्याच्या धडधडीने तळाचा गाळ ढवळतो. माझी बायको ओदिल कोट घालून स्वयंपाक करायची आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन बहिणीकडे धुवायला जायची.

"अहो," ती एकदा दात वाजवत म्हणाली, "लग्न झालं तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता, तुला फुलासारखं जपीन. आता कळलं, ते वाक्य दुसऱ्याच कुणासाठी राखून ठेवलं होतंत."

"थोडे दिवस गं. पोरीचं लग्न ठरू दे."

"पोरीचं लग्न ठरेल हो. तोवर मला न्यूमोनिया झाला तर मलाही त्या बाटलीशेजारी कपाटात आडवी घाला."

आणि एक दिवस खरंच ब्लांदीनचा फोन आला. तिबो नावाचा तिचा मित्र आम्हाला माहीत होता, मुलगा साधा, सरळ आणि उंच. तो आणि त्याचे आईवडील रविवारी दुपारी जेवायला येणार होते, लग्नाची बोलणी करायला. मी आनंदाने उडालोच. पण पुढचं वाक्य ऐकून पुन्हा खाली बसलो. तिबोचे वडील मस्यू देल्पेश म्हणजे पेरिग्यूच्या बाजूच्या पेरिगोर मुलखातले निवृत्त शिक्षणाधिकारी. हा माणूस वर्गाच्या दारात उभा राहिला की शिकवणाऱ्याच्या हातातला खडू मोडायचा, अशी ख्याती आमच्यापर्यंत पोचलेली. मीही आता निवृत्तच होतो, मला कुणी काही करू शकत नव्हतं. तरी माझा हात आपोआप टाय सारखा करायला गेला.

"काही काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी ती बाटली काढतो. तीस वर्षं झाली, आता ती नक्की..."

"बाबा, नको."

"नको म्हणजे?"

 ती एकदम सुटलीच. "नको म्हणजे नको! लहानपणापासून बघतेय मी. तुम्ही बाटली उघडता, सगळे तोंडं वाकडी करतात, आणि मग सगळे माझ्याकडे वळून बघतात. शाळेत मुली मला 'पावसाळी' म्हणायच्या, माहितेय तुम्हाला? पहिल्या मुलाखतीत साहेबाने जन्मसाल वाचलं आणि हसून म्हणाला, अरेरे! बाबा, मी वाइन नाहीये हो. आणि तिबोच्या वडिलांसमोर ते द्युबेर्नेकाका नाक खुपसून 'बंद आहे' म्हणाले ना, तर मी टेबलावरून उठून जाईन. सांगून ठेवते."

फोन ठेवून मी तिच्याच पलंगावर बसून राहिलो. मला फार फार वाईट वाटलं. मी मारे तिची बाजू घ्यायला निघालो होतो. लोकांनी नावं ठेवलेल्या त्या सालाला एक दिवस मान मिळवून देईन, म्हणजे पोरीलाही मिळेल, असा माझा सगळा हिशेब. आणि पोर म्हणत होती, या भांडणात मला ओढू नका. ओदिल दारात उभी राहून ऐकत होती. ती माझ्या शेजारी येऊन बसली, आणि मग उठून तिने हीटर लावला. मीही तो बंद केला नाही.

बाटली काढायची नाही असं ठरलं. पण ठरवलं म्हणून काही थांबतं का? गाळ खाली बसावा म्हणून मी बाटली फोनवर बोलता बोलताच कपाटातून काढून उभी करून ठेवली होती, आणि तेवढ्यात ओदिलकडे मीठ मागायला आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी ती उभी पाहिली. आमच्या गावात जुनी बाटली उभी केली की त्याचा अर्थ एकच, ती आता उघडणार. सबंध जिन्यात बातमी गेली: मास्तरांनी बाटली उभी केली!

रविवार उजाडला. देल्पेश मंडळी वेळेवर आली. मस्यू देल्पेश उंचेपुरे, पांढऱ्या भरघोस मिशा, कोटाची सगळी बटणं लावलेली. मादाम देल्पेश बारीक चणीच्या, हसऱ्या. येताना त्यांनी घरच्या अक्रोडांची पिशवी आणली होती. ब्लांदीनने निळा पोशाख घातला होता आणि ती पुन्हा पुन्हा काटे-चमचे सरळ करत होती. ओदिलने पाहुण्यांच्या गावचं म्हणून कोबी, पांढरा घेवडा आणि बदकाची तंगडी घालून घट्ट सूप केलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मस्यू देल्पेश यांनी मला ज्वालामुखींवर एक प्रश्न विचारला, त्याचंसुद्धा मी बरोबर उत्तर दिलं.

आम्ही सूपला हात लावला आणि दारावर थाप पडली. द्युबेर्ने! हातात लांब मानेचं काचेचं भांडं. "माफ करा हं, जेवताना येऊ नये, पण म्हटलं वाइन ओतायला लागेल. तशीच बाटलीतून ओताल आणि गाळ पेल्यात याल घेऊन." त्यांच्या मागे डॉक्टर वेर्दिये. "याचं ऐकू नका मास्तर, इतकी जुनी वाइन भांड्यात ओतली की हवा लागून जागीच जीव सोडेल. थेट पेल्यात!" दोघंही बोलता बोलता आत येऊन खुर्च्या ओढून बसलेसुद्धा.

"कुठली वाइन?" मस्यू देल्पेश यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही सांगितलं?" द्युबेर्ने खूश झाले. "सूनबाईंच्या जन्मसालची! म्हणजे साल काही... आता काय बोलणार... पाऊसच असा होता..."

झालं! मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी, द्युबेर्ने आणि गरम पाण्याचा पाइप, सगळे एकदम तिच्यात गडप व्हावेत. मी ब्लांदीनकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने रुमाल टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सारली आणि उठून सरळ आपल्या खोलीत गेली. तिबो अर्धवट उठला. मी म्हणालो, "ब्लांदीन, अगं..." तोवर ती परत आली होती. हातात बाटली. ती तिने माझ्यासमोर ठक्कन ठेवली. तळाचा सगळा गाळ ढवळून वर आला असणार, पण ते बोलायची कुणाची छाती झाली नाही.

"उघडा," ती म्हणाली. "एकदाची उघडा. काय ते सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

मी बूच काढायला घेतलं.  बूच अर्ध्यावर तुटलं. उरलेलं अर्धं खेचायला गेलो तर चुरा होऊन आत पडलं. द्युबेर्ने डोळ्यांवर हात ठेवून "अरे देवा!" म्हणाले. ओदिल धावत जाऊन जॅम गाळायचं फडकं घेऊन आली. अशा रीतीने लिबूर्नच्या सर्वांत लाडक्या बाटलीतली वाइन आम्ही मनुकांच्या पाकासारखी फडक्यातून गाळली आणि पेल्यांमध्ये ओतली. फडक्याला पीच जॅमचा वास होता, तो भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

द्युबेर्नेंनी पेला फिरवला, नाक खुपसलं. डॉक्टरांनी खळखळवलं. मीही वास घेतला. खोटं कशाला बोलू? ओल्या पोत्याचा वास येत होता. चव तर लागतच नव्हती, नुसता आंबट तुरटपणा घशाखाली उतरत होता.

"बंद," द्युबेर्ने म्हणाले.

"बंद कसली! मेली," डॉक्टर म्हणाले.

आणि सवयीप्रमाणे दोघांनीही वळून ब्लांदीनकडे पाहिलं. ती खाली मान घालून सूपकडे बघत बसली होती. तिची पकड पेल्यावर इतकी घट्ट होती की मला भीती वाटली, काच फुटेल.  तीस वर्षं जपलेली बाटली, आणि तिच्याच टेबलावर, तिच्याच सासरच्यांसमोर, माझ्यामुळे हे असं व्हावं!

मस्यू देल्पेश तेवढ्यात सूपच्या तळाशी आले होते. खोलगट ताटलीत दोन-चार चमचे रस्सा उरला होता. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, आपला पेला उचलला आणि शांतपणे ती सगळी वाइन सूपच्या ताटलीत ओतली.

डॉक्टरांच्या तोंडात वाइन होती, ती त्यांच्या नाकातून आली. "मस्यू!" द्युबेर्ने किंचाळले. "तीस वर्षांची वाइन आहे ती!"

देल्पेश यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. ताटली गोल हलवली, कोटाची दोन बटणं सोडली, ताटली दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि गटागटा पिऊन टाकली. खाली ठेवली तेव्हा मिशांना कोबीचं पान लटकत होतं. मी तोंड वासून बघत होतो. ज्या माणसासमोर मास्तरांचे खडू मोडायचे, तो माणूस माझ्या टेबलावर ताटलीने भुरका मारत होता!

"आमच्याकडे याला शाब्रो म्हणतात," ते मिशा पुसत म्हणाले. "माझे वडील रोज करायचे. पण एक सांगतो, हे फक्त आपल्या घरी करायचं असतं. परक्याकडे ताटली तोंडाला लावली तर आमची आई पाठीत रट्टा घालायची." मग ते ब्लांदीनकडे वळले. आवाज अगदी मऊ झाला. "मी आज इथे केलं. आता तू कर बघू, पोरी. नाहीतर मी एकटाच गावंढळ ठरेन."

ब्लांदीनने मान वर केली. लहानपणापासून ओदिलने तिला ताटली टेबलावरून उचलायची नाही हे बजावलेलं. तिने आईकडे पाहिलं. ओदिल म्हणाली, "बघतेस काय? ओत!"

तिने निम्मी वाइन सूपमध्ये ओतली आणि ताटली उचलली. हनुवटीवरून ओघळ आला, निळ्या पोशाखावर डाग पडला, आणि ताटलीच्या आतून हसण्याचा आवाज आला. मग तिबोने केलं. मादाम देल्पेश यांनी तर इतक्या सराईतपणे केलं की घरी रोज कोण करतं ते आम्हाला कळलं. ओदिलने केलं, मी केलं. ऊन रश्श्यात ती वाइन काय लागली ते नीट सांगता येणार नाही, पण पोटात ऊब गेली. शेवटी डॉक्टरसुद्धा म्हणाले, "आता मेलीच आहे तर..." आणि त्यांनीही ताटली मागितली.

एकटे द्युबेर्ने तेवढे शेवटपर्यंत सामील झाले नाहीत. खुर्चीत ताठ बसून ते आपला पेला हातात धरून राहिले. नाकाने कांदे सोलायची सवय अशी एका जेवणात जात नाही. आम्ही भाजलेलं कोकरू खाल्लं, लग्न जूनमध्ये करायचं ठरवलं, कुणाच्या गावी यावर वाद घातला, तो मिटवला, पुन्हा घातला. मस्यू देल्पेश यांनी मला ज्वालामुखींबद्दल दुसरा प्रश्न विचारला तेव्हा मी "माहीत नाही" म्हणालो, आणि ते म्हणाले, "मलाही नाही." एवढ्या वेळात द्युबेर्ने मधून मधून पेला फिरवत होते आणि नाक मुरडत होते.

चीजचं ताट आलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा वास घेतला. मग डोळे मिटून पुन्हा. त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी घाबरून विचारलं, "काय हो? बरं वाटत नाहीये का?"

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "उघडली."

 पेला त्यांच्या हातात होता, पण टेबलावर वास पसरला होता. सुक्या मनुका, तंबाखूची जुनी डबी, पानांखालचे अळंबे, आणि त्याखाली काहीतरी गोड, ज्याचं नाव कुणालाच सुचेना. फक्त दमाने हवा लागायची होती तिला, एवढंच. बाकी सगळ्यांनी आपापली वाइन कोबीबरोबर गिळून टाकली होती. ब्लांदीनची उरलेली निम्मीसुद्धा हसता हसता तिबोच्या ताटलीत गेली होती. संपूर्ण जगात त्या पेटीतली वाइन आता तेवढ्या एका पेल्यात होती. डॉक्टरांनी हात पुढे केला. मीही केला, का नाही करायचा?

द्युबेर्नेंनी घसा साफ केला. आता निकाल येणार! तीस वर्षं ज्या निकालाची मी वाट बघत होतो, तो येणार! त्यांनी पेला ओठांकडे नेला, आणि तेवढ्यात ब्लांदीनने टेबलावर वाकून तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"द्या इकडे, काका."

तिने वास घेतला. मग अगदी सावकाश, एक एक घोट घेत, सगळा पेला संपवला. कुणाला एक थेंब दिला नाही. पेला रिकामा झाल्यावर तिने तो खाली ठेवला आणि डोळे मिटून जराशी बसली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. पण या वेळी कुणाच्याही चेहऱ्यावर 'बिचारी' नव्हतं. होता तो निव्वळ, उघडाउघड हेवा.

"कशी आहे?" द्युबेर्ने रडकुंडीला येऊन म्हणाले. "अगं, सांग ना, कशी आहे?"

"पिकलीय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजून थांबायला हवं होतं का?" मी विचारलं.

ब्लांदीनने डोळे उघडले, आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ओठ पुसले.

"माझी आहे," ती म्हणाली, आणि चीजची सुरी तिने सासऱ्यांकडे सरकवली.